वतन ते उचल : संस्था का टिकतात?



'संस्था' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो, आणि आजच्या विषयाचे अर्धे मर्म या दुहेरी अर्थात आहे. एक संस्था म्हणजे घटना, अध्यक्ष, चिटणीस, वार्षिक सभा आणि हिशेबतपासणी असलेली, निबंधकाच्या दप्तरी नोंदलेली संस्था. सहकारी सोसायटी, शिक्षण मंडळ, कामगार संघटना, खुद्द पक्षाची शाखा या सर्व त्या वर्गातल्या. दुसरी संस्था कोणत्याही दप्तरी नोंदलेली नसते. विवाहसंस्था, जातिसंस्था, कुटुंबसंस्था यांना घटना नाही, चिटणीस नाही. तरीही त्यांचे नियम मोडणाऱ्याला जेवढी जबर शिक्षा होते, तेवढी पोटनियम मोडल्याबद्दल कोणा सोसायटीच्या सभासदाला झाल्याचे ऐकिवात नाही. समाजवादी कार्यकर्त्याचे आयुष्य पहिल्या प्रकारच्या संस्था काढण्यात, चालवण्यात आणि (हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे) त्यांच्यातील भांडणे मिटवण्यात जाते. दुसऱ्या प्रकारच्या संस्था पहिल्या प्रकारच्या संस्थांच्या पोटात कशा सुखाने नांदतात, याकडे त्याचे लक्ष बहुधा फार उशिरा जाते.

संस्था सनातन नसतात, त्या घडवल्या जातात आणि मोडल्या जातात, हे महाराष्ट्राला परदेशी पंडितांकडून शिकावे लागले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहायला घेतला, तेव्हा पवित्र मानलेल्या विवाहालाही इतिहास असतो या नुसत्या कल्पनेनेच सनातनी मंडळी प्रक्षुब्ध झाली. राजवाड्यांच्या आधी अर्धे शतक जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) जातिसंस्थेचे मूळ जेत्यांच्या सत्तेत शोधले. त्यांनी सांगितलेल्या इतिहासाचा सर्व तपशील आज कोणी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. पण ही संस्था कोणाच्या फायद्यासाठी उभी राहिली, हा त्यांचा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) ते आणखी पुढे गेले. राज्य इंग्रजांचे आले, कचेऱ्या नव्या झाल्या, कायदे नवे झाले. परंतु कचेरीतला कामगार जुनाच राहिला आणि त्याच्याबरोबर जुनी उतरंड नव्या कचेरीत येऊन बसली, हे त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने दाखवून दिले. जुनी संस्था नव्या संस्थेत शिरते कशी, याचे इतके रोखठोक विवेचन त्या काळात अन्यत्र क्वचितच सापडेल.

पश्चिमेत या प्रश्नावर पुष्कळ विचार झाला आहे. त्यातला सर्वांत आळशी सिद्धान्त गरजेचा. समाजाला अमुक कार्याची गरज होती म्हणून अमुक संस्था जन्मली, आणि ती टिकून आहे याचाच अर्थ तिची गरज शिल्लक आहे! या युक्तिवादाने जगातील कोणतीही गुलामी समर्थनीय ठरते. मार्क्सने या आळसावर घाव घातला. उत्पादनशक्ती वाढत जातात, जुने उत्पादनसंबंध त्यांच्या पायातील बेड्या बनतात, आणि मग त्या तुटतात. दिशा अचूक होती. परंतु बेड्या पिढ्यान् पिढ्या का तुटत नाहीत, आणि तुटल्यावर पुन्हा त्याच मापाच्या का घडवल्या जातात, याचे उत्तर केवळ या सूत्रातून मिळत नाही. डग्लस नॉर्थ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने (त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले) व्यवहारातील अनिश्चितता आणि खर्च कमी करण्याचे साधन म्हणून संस्थांकडे पाहिले. अनोळखी माणसाशी सौदा करताना तो पाळला जाईल याची हमी हवी. ती हमी नियम देतात. मात्र १९९० च्या आपल्या ग्रंथात नॉर्थ यांनीच स्पष्ट केले की, संस्था समाजाच्या एकूण हितासाठी निर्माण होतात असे मुळीच नाही. ज्यांच्या हाती नियम ठरवण्याचे बळ असते त्यांच्या सोयीने त्या बनतात. भांडवलशाहीच्या चाहत्यांनी नॉर्थ यांचा पूर्वार्ध पाठ केला आणि उत्तरार्ध सोडून दिला.

हे सिद्धान्त हवेत तपासण्यात अर्थ नाही. ज्या संस्थेचे दीर्घायुष्य आणि कायदेशीर अंत या दोहोंची साक्ष महाराष्ट्राच्या दप्तरांत आहे, अशा एका संस्थेवर ते घासून पाहावेत. ती संस्था म्हणजे महार वतन.

गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी महार एक. वेशीची राखण, गावच्या हद्दीची माहिती आणि हद्दीच्या तंट्यात साक्ष, सरकारी वसुलाची ने-आण, सांगावे पोचवणे, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेले जनावर ओढून नेणे अशी त्याची कामे. मोबदल्यात 'हाडकी हाडोळा' म्हणून ओळखली जाणारी थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. त्रिंबक नारायण अत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या साऱ्या देण्याघेण्याचे जे बारकाईने चित्र काढले आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावे. अत्र्यांचे सर्व निष्कर्ष मान्य नसले तरी वाचावे.

या व्यवस्थेतील एक गोष्ट हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने १९७२ मध्ये नेमकी पकडली. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रे तपासून त्यांनी दाखवले की, बलुतेदार हा कोणा एका कुणबी घराचा चाकर नव्हता. तो सबंध गावाचा चाकर होता. वरवर पाहता ही गोष्ट बलुतेदाराच्या प्रतिष्ठेची वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की, महाराला मालक नव्हता, म्हणजेच प्रत्येक जण त्याचा मालक होता. एका धन्याशी भांडता येते, त्याचे दार सोडून दुसऱ्याच्या दारी जाता येते. गावाशी कोण भांडणार, आणि गाव सोडून कोठे जाणार? पुढे इंग्रजी अमलात गावाच्या जोडीला सरकार आले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या चाकरीला कलमांची चौकट मिळाली, आणि महसुलापासून पोलिसापर्यंत सर्वच खात्यांचा हरकाम्या म्हणून महाराचा उपयोग होऊ लागला.

आता वतन टिकले का, हा प्रश्न विचारला की गरजेचा सिद्धान्त हात टेकतो. हद्दीच्या तंट्याला मोजणीचे नकाशे आले, वसूल नेण्याला रस्ते आणि रेल्वे आली, सांगाव्याला टपाल आले. गरजा एकामागून एक गळून पडल्या. वतन मात्र उभेच राहिले. याची कारणे तीन होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण सरकारी तिजोरीचे. गावकामगारांना रोख पगार द्यायचा तर खर्च मोठा. वतनाच्या नावाखाली तेच काम जवळजवळ फुकटात होत होते. दुसरे कारण गावाचे. बलुते देणारा शेतकरी कुरकुरत असे, पण त्या कुरकुरीच्या मोबदल्यात त्याला रात्री-अपरात्री हाक मारण्याचा हक्क मिळत असे, आणि मुख्य म्हणजे आपल्याखाली कोणीतरी आहे ही खात्री मिळत असे. तिसरे कारण सर्वांत अवघड आणि चळवळीला सर्वांत अप्रिय आहे. वतन खुद्द वतनदार महाराला हवे होते. पिढ्यान् पिढ्या भागत भागत जमिनीचा तुकडा ओंजळभर झाला, चाकरीची पाळी वर्षावर्षाने येऊ लागली, बलुत्याला कोणी धड माप देईना. तरी तो तुकडा 'आपला' होता. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची कथा सांगितली जाई, त्या कथेत अपमानित माणसाला मिळणारा मान होता. भुकेच्या काठावरच्या माणसाकडून हातचे अपुरे सोडण्याची अपेक्षा भरल्या पोटाच्या सुधारकानेच करावी.

वरच्यांच्या मोठ्या लाभावर संस्था उभी असते हे सर्वांना ठाऊक आहे. ती खालच्यांच्या लहानशा, अपुऱ्या, पण नित्याच्या आधारावरही उभी असते, हे विसरले जाते. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचा दाखला देऊन म्हटले की, एकदा एक रचना रूढ झाली, तिच्यावर माणसे शिकली, की तिच्याहून चांगली रचना पुढे येऊनही जुनी हटत नाही. मराठी टंकलेखकांना हे परक्याने सांगायला नको. संगणक आले, इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक आला, तरी बोटे रेमिंग्टनच्या जुन्या कळांवरच फिरत राहिली. दाखला चांगला आहे. फक्त त्यात एक उणीव आहे. कळफलकाच्या खाली कोणी चिरडत नाही. वतन ही केवळ सवय नव्हती. तिच्यात रोज कोणाचे तरी येणे आणि कोणाचे तरी देणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे दोन्ही पुरते उमगले होते. 'बहिष्कृत भारत'मधून १९२७ मध्ये त्यांनी वतनाचे स्वरूप उलगडून दाखवले आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतन एका फटक्यात रद्द करा, एवढीच मागणी करून ते थांबले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला चाकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे. बलुत्याचे रूपांतर रोख करात करून तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा. आणि वतनदाराने कोणती कामे करायची ते ठरवून दिले जावे, असा त्यांचा आग्रह होता. तिसरी तरतूद सर्वांत साधी दिसते, पण घाव तिच्यातच होता. वतनात महाराला काय मिळणार ते ठरलेले होते; त्याने काय करायचे याला सीमा नव्हती. काम किती, कोणत्या वेळी, कोणी सांगायचे, तो आजारी असेल तर त्याच्या बायकोमुलांनी का करायचे, या प्रश्नांची बाजू कोरी ठेवलेली होती. त्या कोऱ्या बाजूवर गाव आणि सरकार हवे ते लिहीत होते. आंबेडकरांनी ती बाजू लिहून मागितली. निवड समितीत विधेयकाचे रूप पालटले आणि १९२९ मध्ये त्यांनी ते परत घेतले. पुढे १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली, तेव्हा वतनी जमिनीवरील वाढीव जुडीविरुद्धही त्यांनाच उभे राहावे लागले. जी संस्था नष्ट करायची, तिच्यातील गरिबाचा हक्क तोवर राखायचा. हा अंतर्विरोध नव्हे. याचे नाव जबाबदारी.

वतनाची मिठी सैल झाली ती बाहेरून. मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे, खडकीचा दारूगोळा कारखाना, नागपूरच्या गिरण्या, लष्कर यांत ज्याला रोख पगार मिळाला त्याला गावात पाळी करण्याची गरज उरली नाही. मार्क्स येथे खरा ठरतो. पण अर्धाच. गिरणीसारख्या अद्ययावत उद्योगात, लाल बावट्याच्या छायेत, विणखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ सहन होत नसे. विणखात्यात मजुरी अधिक, म्हणून विटाळही अधिक! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे केला तेव्हा संपाच्या अनेक पुढाऱ्यांना तो अवेळी उपस्थित केलेला वाटला. नोंदलेली संस्था सर्वांत क्रांतिकारक असतानाही तिच्या पोटात न नोंदलेली संस्था कशी जिवंत राहते, याचा याहून बोलका पुरावा नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात हे पान अजूनही घाईने उलटले जाते.

१९५६ चे धर्मांतर झाले, गावोगाव मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, आणि त्यानंतर मुंबई राज्याचा १९५८ चा कनिष्ठ गाववतने नष्ट करण्याचा कायदा आला. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. क्रम ध्यानात घ्यावा. माणसांनी आधी संस्था सोडली, कायद्याने नंतर तिचे विसर्जन केले. वतनी जमिनी शासनाकडे जमा होऊन, ठरावीक रक्कम भरल्यावर, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतर करता येणार नाही या शर्तीवर पूर्वीच्या धारकांना परत मिळाल्या. शर्त कागदावर राहिली आणि कितीतरी जमिनी इतरांच्या ताब्यात गेल्या. गावकामगाराचे काम मानधनावरील कोतवालाकडे आले, आणि चतुर्थ श्रेणीसाठी कोतवालांची आंदोलने वर्षानुवर्षे चालली. वतन गेले, कमी मोलात जास्त काम करवून घेण्याची रीत गेली नाही.

ती रीत ज्या नव्या घरात राहायला गेली, त्या घराकडे आता वळले पाहिजे. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या तावडीतून ऊस उत्पादकाला सोडवणारी, एका सभासदाला एकच मत देणारी ती संस्था भारताच्या सहकाराच्या इतिहासात मानाने उल्लेखली जाते, आणि ते योग्यच आहे. तिच्या मागोमाग महाराष्ट्रभर कारखाने निघाले. या सर्व कारखान्यांच्या पोटनियमांत ऊस पिकवणारा आहे. ऊस तोडणारा नाही.

बीड जिल्ह्यातून, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि इतर दुष्काळी भागांतून माणसे दर हंगामाला कारखान्याच्या क्षेत्रात येतात. त्यांना आणण्याची जी पद्धत पडली ती कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेली नाही. कारखाना वाहतूक ठेकेदाराला किंवा मुकादमाला रक्कम देतो. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मजुराला उचल देतो. मजूर सहा महिने तोडणी करून ती फेडतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. या व्यवस्थेत माणसे मोजण्याचे एकक 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून एक. गाडी सेंटर असो की डोकी सेंटर, तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि वाहते. वहीत दोघांचे नाव एक. एखाद्या दिवशी काम चुकले तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि तो वसूल होतो.

नॉर्थ यांच्या सिद्धान्ताच्या पूर्वार्धाला ही संस्था अगदी फिट्ट बसते. कारखान्याला ऊस पक्व झाल्यावर तोडणारे हात वेळेवर हवेत. मजुराला पावसाळ्यात रोकड हवी. दोघांना एकमेकांची खात्री नाही. मुकादम ती खात्री पुरवतो आणि आपले कमिशन घेतो. अनिश्चितता कमी झाली, व्यवहार सुरळीत झाला. एवढे म्हणून थांबणारा अर्थशास्त्रज्ञ खोटे बोलत नाही. तो फक्त वही एकाच बाजूने वाचतो. दुसऱ्या बाजूने वाचले की वतनाची ओळख पटते. मोबदला आधी आणि ठरलेला. कामाला वेळ नाही, घड्याळ नाही, रात्री ट्रक आला तर रात्री भरायचा. मालक कोण, हा प्रश्न विचारला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. गावाच्या चाकराला जसा धनी नव्हता, तसा या मजुरालाही नाही. तोडलेल्या उसाचे वाढे विकण्याची मुभा त्याला असते. तिच्यातही बलुत्याचा वास येतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाला समिती नेमावी लागली. वर्तमानपत्रांनी डॉक्टरांच्या नफेखोरीवर लिहिले. ते आवश्यकच होते. परंतु जिथे स्त्री अर्धा कोयता आहे आणि पाळीच्या वेदनेचा दिवस खाडा आहे, तिथे संस्थेचा न लिहिलेला खर्च स्त्रीच्या शरीरातून वसूल होणार, हे कळायला डॉक्टर असण्याची जरुरी नाही.

चळवळीने या मजुरांसाठी काही केले नाही असे नाही. 'कोयता बंद'ची आंदोलने झाली, तोडणीच्या दराचे करार झाले, दर वाढले. पण कराराच्या मेजावर बहुतेक वेळा दर हाच विषय राहिला. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा अग्रिम रकमेने बांधलेल्या श्रमाला वेठबिगारी म्हणतो. त्या कायद्याच्या आरशात उचल उभी करण्याचे धैर्य क्वचितच दाखवले गेले. त्यालाही कारण आहे, आणि ते वतनाच्या वेळचेच आहे. उचल मजुराला हवी असते. पावसाळ्यात चाळीस मैलांत दुसरा कोणी त्याच्या हातावर एवढी रक्कम ठेवत नाही. जो कार्यकर्ता 'उचल बंद करा' म्हणत गावात जाईल, त्याला मजूरच वेशीबाहेर पोचवतील.

मग करायचे काय? उत्तर महाराष्ट्रातच एकदा देऊन झाले आहे. मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोदीच्या परिसरात, पुण्याच्या भुसार बाजारात पोती वाहणारा हमालही टोळी आणि मुकादम यांच्याच आधीन होता. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. टोळीवाला म्हणे, मी मालक नव्हे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत, बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची कल्पकता अशी की त्याने टोळी मोडली नाही. काम टोळीनेच व्हायचे, पण मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ मध्ये आले. कामगाराची आणि मालकाची दोघांचीही नोंद मंडळाकडे झाली. मजुरी मंडळामार्फत वाटली जाऊ लागली, आणि तिच्यावर मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, नुकसानभरपाई यांची तरतूद झाली. कोणाच्याच नोकरीत नसलेल्या माणसाला नोकरदाराचे हक्क मिळाले. वोल्फगांग श्ट्रेक आणि कॅथलीन थेलेन या अभ्यासकांनी २००५ मध्ये संस्थापरिवर्तनाचे जे प्रकार वर्णिले, त्यांत जुनी रचना तशीच ठेवून तिचे कार्य पालटण्याचा एक प्रकार आहे. पुण्या-मुंबईच्या हमालांनी तो छत्तीस वर्षे आधी करून दाखवला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही जगभरच्या सामाईक पाण्या-कुरणांचा अभ्यास करून म्हटले होते की, नियम ज्यांना पाळायचे त्यांचा नियम बनवण्यात हात असेल तर संस्था टिकते. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांना हे पूर्वापार ठाऊक होते. भूमिहीनाला त्या पाण्यात वाटा नव्हता, हा भाग निराळा.

बाजारात जे साधले ते उसाच्या फडात का साधले नाही? बाजार जागचा हलत नाही. हजारो हमाल एका आवारात असतात, व्यापाऱ्याची गाडी अडवली की सायंकाळपर्यंत व्यापारी बोलणीला येतो. ऊसतोड मजूर पाचपन्नास कोयत्यांच्या टोळीने शेतोशेत विखुरलेला, सहा महिने गावाबाहेर, मतदारयादीत एका गावी आणि पालात दुसऱ्या गावी. शिवाय बाजारातील व्यापारी हा समाजवाद्यांचा उघड प्रतिपक्षी होता. साखर कारखान्याचे संचालक मंडळ मात्र सहकाराचा, ग्रामीण विकासाचा आणि कित्येक ठिकाणी पुरोगामित्वाचाही झेंडा घेऊन उभे असते. आपल्याच माणसाने काढलेल्या संस्थेवर मोर्चा नेताना पाय जड होतात. हे दुसरे कारण पहिल्याहून भारी आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

माथाडी मंडळांचीही पूजा बांधण्याचे कारण नाही. टोळीतील जागा बापाकडून मुलाकडेच जायची असा रिवाज जिथे पडेल, तिथे बाहेरच्या गरजू मजुराच्या दृष्टीने तो बिल्ला म्हणजे नवे वतन होय. माथाडीच्या नावाखाली कामाशिवाय पैसे मागणाऱ्या टोळ्यांचे निमित्त करून मूळ कायदाच पातळ करण्याची भाषा उद्योगपती करतात, आणि ते निमित्त त्यांच्या हाती देणाराही कामगारांचा मित्र नव्हे. लढून मिळवलेली संस्था तिच्या जन्माच्या तारखेवर जगत नाही. तिच्या वहीतली कोरी बाजू कोण भरतो, हे दर पिढीला नव्याने पाहावे लागते.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्यासाठी टनामागे वर्गणी घेण्याचे ठरले, ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचेही ठरले. त्या नोंदणीत नवराबायकोची दोन नावे दोन स्वतंत्र ओळींत लागतात की नाही, कारखान्याचे नाव मालकाच्या रकान्यात येते की नाही, आणि पावसाळ्यातील उचल मुकादमाऐवजी अशा मंडळाकडून मिळू शकेल की नाही, हे तीन प्रश्न गावपातळीवर विचारता येण्यासारखे आहेत. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. उचल त्याआधी, पावसाळ्यात वाटली जाते. नोंदणीचे काम व्हायचे तर ते याच महिन्यांत, मजूर गावात असताना आणि मुकादमाची वही उघडण्यापूर्वी व्हावे लागेल. कार्तिकात टोळ्या ट्रकवर चढल्यावर शाखेच्या कार्यकर्त्याला गावात म्हातारी माणसे आणि शाळा चुकलेली पोरे तेवढी भेटतील.